पोहऱ्यातला जंतू

आमच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला तेव्हा माझी पीएच.डी. झालेली नव्हती. होईल की नाही तेही माहीत नव्हतं. पण फ्लेक्सवर माझ्या नावाआधी ठसठशीत ‘डॉ.’ होतं, कारण ज्याला फ्लेक्स लावायचा असतो तो विद्यापीठाच्या पत्राची वाट बघत बसत नाही. फोटो माझ्या जुन्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा होता. त्यात मी मुदत संपलेल्या सिरपकडे बघावं तशी समोर बघते आहे. खाली ओळीने गावातले शुभेच्छुक, गॉगल लावून. मागे मावळता सूर्य, आगरदांड्याची जेट्टी आणि जेट्टीएवढाच मोठा एक हिरवा प्राणी, भरपूर पायांचा, हसरा. तो म्हणे मी शोधलेला जंतू. बॅक्टेरियाला असे पाय नसतात, हे मी फ्लेक्सवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, पाय न्हाय दिले तर लोकांना कळणार कसं?”

हे सगळं कसं झालं ते एकदा सांगून टाकते. गावात त्याच्या ज्या कहाण्या फिरतात त्या ऐकून माझं डोकं उठतं.

मी आयुष्यभर औषधांच्या कारखान्यात नोकरी केली. गुणवत्ता तपासणीत. म्हणजे माझं काम ‘नाही’ म्हणण्याचं. गोळी फुटते, नाही. सिरपचा रंग उतरला, नाही. मला बघितलं की उत्पादनवाले चहाचे कप उचलून दुसरीकडे जायचे. मला त्याचं काही वाटत नसे, पगार त्याचाच मिळत होता. मग कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी आमचा विभाग गुजरातला हलवायचा ठरवला. मलाही हलवणार होते. मी म्हटलं, मी काय कपाट आहे का? राजीनामा दिला आणि अण्णांकडे घरी परत आले.

शेवटच्या वर्षांत आमची यंत्रं इतकी माहिती ओकायला लागली होती की ती वाचायला कोणीतरी प्रोग्रॅम लिहिणं भाग होतं. तरुण पोरं टाळाटाळ करत होती म्हणून मी शिकले. आणि मला ते भयंकर आवडलं. केस पिकल्यावर माणसाला एखादी गोष्ट इतकी आवडू शकते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी संगणकीय जीवशास्त्रात पीएच.डी. करायची ठरवली. प्रवेशपरीक्षेला माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने मला पर्यवेक्षक समजून पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

शेजारची काकू म्हणाली, “बरा झाला बाय, डॉक्टर झालीस की माझ्या गुडघ्याला कायतरी दे.”

“काकू, ते डॉक्टर वेगळे. मी चिखलातले जंतू बघणार. तेही संगणकावर.”

“मग तुझा उपेग काय?”

काकूचं एक बरं आहे, ती तोंडावर विचारते. बाकीच्यांनी हेच माझ्या पाठीमागे विचारलं.

काम काय, ते थोडक्यात सांगते. गावातल्या सगळ्या लग्नपत्रिका फाडून तुकडे एका पोत्यात भरले, आणि ते चिकटवून कोणाचं लग्न कोणाशी झालं ते सांगायला बसलं, तर जे होईल ते आमचं काम. चिमूटभर चिखलात जंतूंची सगळी जत्रा असते. त्यांचा डीएनए एकत्र काढायचा, यंत्राकडे वाचायला पाठवायचा, आणि मग तुकड्यांचा जो ढीग येतो त्यातून एकेक जंतू जुळवायचा. शेवटचं काम संगणकाचं, म्हणजे माझं.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या बौद्धवाडीतले पहिले शिक्षक. गावच्या शाळेत ते शिकले तेव्हा त्यांना उंबऱ्याजवळ बसवत, जिथे पाऊस आत यायचा तिथे. पुढे त्याच शाळेत ते गुरुजी म्हणून आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वर्गाचा पहिला नियम एकच होता, दाराजवळ कोणी बसायचं नाही. याबद्दल त्यांनी कधी भाषण दिलं नाही. पण मला प्रवेश मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते एस.टी.ने मुरुडला गेले आणि पाटीवाल्याकडून दारावरची पाटी रंगवून घेऊन आले. निळ्यावर पांढरी अक्षरं. ‘डॉ.’ आणि पुढे माझं पूर्ण नाव.

“अण्णा, अजून सुरुवातसुद्धा झाली नाही!”

“असू दे. लाकूड मुरायला वेळ लागतो,” म्हणाले, आणि पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. चावी स्वतःकडे.

ती पाटी दारावर लागलेली त्यांना बघायची होती. ऐंशी उलटलेल्या माणसाला दुसरं काही नको होतं, नवं धोतर नको, तीर्थयात्रा नको. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण ती पाटी हसण्यासारखी नव्हती.

माझे गाईड माझ्याहून बरेच लहान. त्यांच्या वयाच्या मुलांच्या मी मुलाखती घेतल्या होत्या आणि निम्म्यांना परत पाठवलं होतं. यांनाही पाठवलं असतं. पण इथे ते सर, आणि मी विद्यार्थिनी. ते मला मॅडम म्हणायचे आणि मी त्यांना सर, आणि दोघांच्याही घशात ते शब्द अडकायचे. सरांचं एक पालुपद होतं. कितीही नेटकं काम करून न्या, मागे रेलून विचारायचे, “डेटा ठीक आहे मॅडम, पण स्टोरी काय?” कारखान्यात मला कोणी कधी विचारलं नव्हतं की या सिरपची स्टोरी काय.

अभ्यासक्रम आणि परवानग्यांत पहिली काही वर्षं गेली, मग चिखल आमच्याच खाडीचा ठरला. आगरदांड्याला उतरायचं, ओहोटीला खाली जायचं, नळ्या भरायच्या, मग फेरीबोटीने दिघीला जाऊन त्या काठाचा चिखल आणायचा. बोटीवरची माणसं मला ‘चिखलवाल्या मॅडम’ म्हणू लागली. मोटारीतले पर्यटक काच खाली करून विचारायचे, हे खायचं असतं का.

पहिल्याच खेपेला सरांशी वाजलं. कारखान्यात आम्ही कोणतीही तपासणी ब्लँकशिवाय करत नसू. ब्लँक म्हणजे माल न घालता केलेली तपासणी. बाटल्या त्याच, हात तेच, यंत्र तेच, फक्त आत नमुना नाही, नुसतं शुद्ध पाणी. त्यात काही निघालं तर समजायचं की घाण आपल्याच भांड्यांत आहे. मी सरांना म्हटलं, चिखलाच्या नळ्यांबरोबर पाण्याची एक नळी पाठवू या.

“पाणी वाचायला पाठवायचं?” सर हसले. “मॅडम, आमच्याकडे ब्लँक कोणी पाठवत नाही. त्यात काही नसतं.”

“नसतं हेच बघायचं असतं, सर.”

“मॅडम, हा कारखाना नाही. इथे आपण शोध लावतो.”

खरं तर त्याच दिवशी घरी परत यायला हवं होतं. पण पाटी कपाटात होती.

नळ्या गेल्या, निकाल आले, मी पावसाळाभर तुकडे जुळवत बसले. आणि त्यातून एक जंतू असा निघाला की त्याच्या जवळपासचं कोणी जगातल्या कुठल्या यादीत नव्हतं. जिवंत, काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात तो जवळजवळ नव्हताच. जिथे नुसती वाळू, जिथे जीव म्हणून फारसा नाही, तिथे मात्र हा पठ्ठ्या भरपूर. सर खुर्चीतून उठून फेऱ्या मारायला लागले. “जिथे कोणी जगत नाही, तिथे हा जगतो! मॅडम, स्टोरी मिळाली!”

माझ्या मात्र नाकाला वास आला. माल जितका कमी तितकी भांड्याची घाण जास्त दिसते, हे कारखान्यात काल लागलेल्या पोरालाही माहीत असतं. मी पुन्हा ब्लँकचं काढलं. सर म्हणाले, मॅडम, तुमच्यात उत्साह कमी आहे.

उत्साहाची कसर सरांनी भरून काढली. एका पत्रकाराला मुलाखत दिली. त्यात ‘कदाचित’ हा शब्द ते दोन-तीनदा बोलले असावेत, पण छापताना तो गळाला, आणि ‘पुढेमागे औषधासाठी अभ्यास करता येईल’ याचं ‘खाडीत सापडला औषधी जंतू’ झालं. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. आमच्या गावचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांची काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांसाठी कॉटेज आहेत. दारात घसरगुंडी, आत घरगुती जेवण. भाऊंनी आठवडा उलटायच्या आत तिथे पाटी लावली, ‘औषधी चिखलस्नान’. मुंबईची माणसं अंगभर चिखल फासून खुर्च्यांवर बसायला लागली. बरं, तो चिखल तरी खाडीचा असावा? छे. इतक्या लांबून कोण आणतो? कॉटेजच्या मागे मोरीचं पाणी जिरतं तिथला. मी जाऊन सांगितलं, भाऊ, लोकांना खरूज होईल. भाऊ म्हणाले, “ताई, आज न्हाय तर उद्या कळंल तुम्हाला, तुम्ही गावासाठी काय केलंय ते.”

दुसऱ्या खेपेच्या नळ्या भरायची वेळ आली. या खेपेला मी एक नळी प्रयोगशाळेच्या फडताळातल्या शुद्ध पाण्याने भरली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली, ‘आगरदांडा जेट्टी, खालची पायरी’. कारखान्यात याला आंधळी चाचणी म्हणतात आणि ती करणाऱ्याला शाबासकी मिळते. इथे याला काय म्हणतात ते मला नंतर सांगण्यात आलं.

निकाल आले. सरांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या तोंडावर दिवाळी होती.

“मॅडम, जेट्टीची पायरी बघा! दुसरं काहीच नाही. नुसता तोच! आपल्याला त्याचं घर सापडलं!”

“सर, ते पाणी आहे.”

“हो, भरतीचं पाणी येत असणार तिथे.”

“भरतीचं नाही. बाटलीतलं. तुमच्या मागच्या फडताळातलं.”

त्यांनी मागे वळून फडताळाकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा फडताळाकडे. डीएनए काढायच्या बाटल्यांचा जो तयार खोका आम्ही विकत आणायचो, तो जंतू त्या खोक्यातल्या कुठल्यातरी बाटलीत सुखाने राहत होता. जिवंत चिखलात तो गर्दीत हरवायचा. वाळूत गर्दी नाही, म्हणून दिसायचा. पाण्यात तर एकटाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे उलटं होतं. आड स्वच्छ होता, आमचा पोहराच बरबटलेला होता, आणि आम्ही आडाच्या नावाने बोंब ठोकत होतो.

दुसऱ्या एखाद्या माणसाने विचारलं असतं, आता काय करायचं. सरांनी विचारलं, “हे अजून कोणाला सांगितलंत?”

मग त्यांनी दार लावलं आणि मला समजावलं. संशोधनाचा पेपर तयार आहे. बातमी आलेली आहे. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण याच जंतूवर आहे, ते काढलं तर उरतं काय? नोंदणीची मुदत संपत आली आहे, नव्याने काम करायला वेळ नाही. आणि त्यांच्या सहीशिवाय प्रबंध दाखल होत नाही. जेट्टीची नळी ‘खराब झालेला नमुना’ म्हणून वगळायची, बस्स. “एक नळी, मॅडम. एका बाजूला तुमची पदवी आणि एका बाजूला एक नळी.” वर हेही म्हणाले की खोटी चिठ्ठी लावून मी संस्थेची फसवणूक केली आहे, पण ते मोठ्या मनाने विसरतील. चोर तो चोर, वर शिरजोर!

मी विचार करते म्हणाले. का म्हणाले? कारण पाटी. परत येताना एस.टी.त मला ती निळी पाटी सारखी दिसत होती.

आणि फाट्यावर फ्लेक्स लागला तो त्याच आठवड्यात. भाऊंनी माझा जाहीर सत्कार ठरवला होता. मी त्यांना गाठून म्हटलं, सत्कार रद्द करा, काम अजून पुरं व्हायचंय, त्यात घोटाळा आहे. “ताई, मंडप सांगून झालाय,” भाऊ म्हणाले. आमच्याकडे मंडप सांगून झाला की लग्नसुद्धा मोडता येत नाही, जंतूची काय कथा. प्रमुख पाहुणे म्हणून सरांना बोलावलं होतं, आणि सर येणार होते. जागा शाळेचं मैदान. त्याच शाळेचं.

अण्णा सकाळपासून तयार होते. इस्त्रीचं धोतर, सदरा, दाढी दोनदा केलेली. त्यांना स्टेजवर मधल्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो हार त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. एरवी हार घातला की लगेच काढून टेबलावर ठेवायची रीत आहे, ती अण्णांना माहीत नसेल असं नाही.

भाऊंनी माइक घेतला. “आमचे वडील आणि गुरुजी एका वर्गात होते!” टाळ्या. एका वर्गात होते हे खरंच. एकजण बाकावर आणि एकजण उंबऱ्याजवळ, एवढं सांगायचं राहून गेलं. मग सर बोलले. खाडीचं नाव जगाच्या नकाशावर, ग्रामीण प्रतिभा, वगैरे. माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात सगळं होतं, सहीसुद्धा.

मग मला बोलायला सांगितलं. मी अण्णांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर धन्यवाद म्हणून खाली बसले असते. मी सांगितलं, “हा जंतू आपल्या खाडीत नाही. विहिरीचं पाणी तपासायला मी पोहरा सोडला, वर आल्यावर त्यात घाण दिसली, म्हणून म्हटलं विहिरीत घाण आहे. मग कोरडा पोहरा तपासला तर घाण पोहऱ्यातच होती. मी शोध लावलेला नाही. मी अजून डॉक्टर नाही. आणि काशीदला तो चिखल अंगाला लावू नका.”

माणसं शांत ऐकत होती. मला वाटलं, चला, समजलं. भाऊंनी माझ्या हातातून माइक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, “मंडळी, इतकी मोठी बाई, आणि म्हणते मी काहीच केलं नाही! याला म्हणतात संस्कार!” टाळ्यांचा कडकडाट. माझं तोंड उघडं असतानाच अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला. गाढवापुढे वाचली गीता! गीता वाचली नसती तर निदान शाल तरी घडी करून मिळाली असती.

एकटी काकू मागून ओरडली, “मंग चिखल लावायचा का न्हाय?”

“प्रश्नोत्तरं नंतर,” भाऊ म्हणाले.

सरांना मात्र समजलं होतं. गाडीत बसताना त्यांच्याही हातात नारळ होता. तो मांडीवर नीट ठेवून ते म्हणाले, “मॅडम, मी सही करणार नाही.” मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

घरी आलो. मला वाटलं होतं अण्णांना फारसं ऐकू आलं नसेल, कान हल्ली कमी झाले आहेत. ते हार घालूनच खाटेवर बसले. रागावले की त्यांच्या तोंडची शाळा सुटते आणि वाडी येते.

“पोहऱ्याचं बोललीस ते समजलं मला. सगळं समजलं. तुझा सर सही द्यायला तयार व्हता का?”

“होता. गप्प बसले असते तर.”

“मंग?”

“अण्णा, ते खोटं होतं.”

“गावाला कळत न्हाय. सरकारला कळत न्हाय. तुझा सर सांगणार न्हाय. कोणाचं काय जाणार व्हतं?” त्यांचा आवाज चिरकला. “त्या मैदानावर, बाय. त्या मैदानावर मला आज मधी बसवलं. आणि तुला तिथंच बोलायचं व्हतं?”

मीही भडकले. म्हटलं, “तुम्ही कॉपी करणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढायचात! शाळा तपासायला साहेब आले तरी पोरांना उत्तरं सांगायचा नाहीत! ते कोण होतं मग?”

“ती लोकांची पोरं व्हती,” अण्णा म्हणाले. “तू माझी हायस.”

मला रडू फुटलं. कारखान्यात कोणी मला रडताना बघितलेलं नाही, आणि सरांची तर ती लायकीच नव्हती. पण तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शालीत तोंड घालून रडले. अण्णांनी मला गप्प केलं नाही. उठले, कपाट उघडलं, पाटी काढली, वर्तमानपत्र फाडून टाकलं आणि हातोडी घेऊन दाराबाहेर गेले. खिळे ठोकल्याचा आवाज सगळ्या वाडीने ऐकला.

मी ती पाटी काढू शकले असते. नाही काढली. मुदत संपली, नोंदणी आपोआप रद्द झाली, तसं दोन ओळींचं कळवलं गेलं, आणि दारावर ‘डॉ.’ तसंच. आम्ही बापलेक त्याच्याखालून ये-जा करायचो आणि त्या विषयावर बोलायचो नाही. एकदा एक जण पाटी वाचून आजारी शेळी घेऊन आला. अण्णांनी त्याला, डॉक्टर बाहेर गेलेत, असं सांगितलं. गुरुजी, आयुष्यात खोटं बोलले नाहीत अशी ज्यांची ख्याती, ते शेळीवाल्याशी खोटं बोलले. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी पाणी भरायच्या निमित्ताने मागे निघून गेले.

पुढे सरांचा पेपर छापून आला. जंतूला आमच्या खाडीचं नाव दिलं आहे. माझं नाव नाही, ते मीच काढायला सांगितलं होतं. काही महिन्यांनी दुसऱ्या कोणीतरी छापलं की तोच जंतू वाळवंटातही सापडला. सापडणारच! खोका त्याच कंपनीचा. आता तो हिमालयात सापडेल, चंद्रावर सापडेल, सगळीकडे जिथे हे लोक तो खोका घेऊन जातील तिथे सापडेल, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी खुर्चीतून उठून फेऱ्या मारेल.

मी त्या पेपरची प्रिंट काढून आणली होती. अण्णांनी ती मागितली. भिंग घेऊन खिडकीशी बसले आणि मला म्हणाले, समजावून सांग. इंग्रजी त्यांना वाचता येतं, आकृत्या कळत नव्हत्या. मी एकेक नळी दाखवली. ही दिघीची, ही वाळूची, ही काळ्या चिखलाची.

“जेट्टीची पायरी कुठं हाय?”

“ती नाही छापली.”

“तूच भरली व्हतीस ना ती? पाण्यानं?”

“हो.”

“आणि त्यात तो दिसला व्हता.”

“हो.”

त्यांनी पुन्हा सगळी पानं उलटून बघितली, शेवटची बारीक अक्षरंसुद्धा. शाळेत पोरांचे पेपर तपासताना बघायचे तसं. “मुद्दाम गाळली,” म्हणाले. मग भिंग डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले तर अण्णा दारासमोर स्टुलावर उभे. एका हातात निळ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. मनगट चौकटीला टेकवलेलं. ‘ड’ गेला होता, काना आणि वरचा अर्धचंद्र राहिला होता. मी पिशवी खाली ठेवून स्टूल धरलं. माझ्या नावाला त्यांनी रंगाचा थेंब लागू दिला नाही. निळा रंग जुन्याशी जुळला नाही, गडद झाला, त्यामुळे तिथे काहीतरी होतं हे कोणालाही लांबून दिसतं.

“अण्णा, दुसरी पाटी करू या ना.”

“कशाला? दिसू दे. लोक विचारतील हितं काय व्हतं.”

“विचारतील म्हणून तर.”

“मंग विचारू देत. मला सांगायचं हाय.”

आणि लोक विचारतात. भाऊ आले होते निवडणुकीच्या वेळी, त्यांनी पण विचारलं, गुरुजी, डॉक्टर कुठं गेलं? अण्णा म्हणाले, दारात उभं राहून ऐकायची ती गोष्ट न्हाय, आधी आत येऊन बसा. मग त्यांना आतल्या खुर्चीवर बसवलं, मला चहा टाकायला सांगितला, आणि पोहऱ्यापासून सुरुवात केली.